ऊन दारात, तरी हाडे कच्ची : 'ड' जीवनसत्त्वाविषयी



ऊस विकास विभागाच्या या पानावर या खेपेस लागण, खोडवा, हुमणी यांपैकी काहीच नाही हे पाहून काहींना नवल वाटेल. पण गटागटांतून फिरताना एक गोष्ट सारखी कानावर येते, आणि ती उसाइतकीच आपल्या प्रपंचाशी निगडित आहे. नोंदीसाठी रानात गेलं की सभासदाशी उसाचं बोलणं होतं. घरी चहाला बसलं की आतून घरची माणसं दुखणं सांगतात. भुईवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढवत नाही, कंबर आणि मांड्या ठणकतात. ऐकणारे म्हणतात, वय झालं, वात आहे, चालायचंच. यातली काही दुखणी खरोखरच वयाची असतात. पण काहींचे मूळ 'ड' जीवनसत्त्वाच्या कमतरतेत असते, आणि ती कमतरता भरून काढता येते. म्हणूनच 'चालायचंच' हा शब्द महाग पडतो. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा डिप्लोमा झालेला माणूस आहे; तेव्हा हा लेख औषधाची चिठ्ठी समजू नये. वाचून जे पटेल ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. चुनखडीच्या रानात ऊस केवड्याने पिवळा पडतो. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. माती तपासली तर जमिनीत लोह काही कमी नसतं. पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकून बसतं की मुळीला उचलता येत नाही. डोळ्यांदेखत भरलेलं कोठार आणि किल्ली हरवलेली, असा तो प्रकार. मग आपण हिराकस शेणखतात मुरवून देतो किंवा त्याची फवारणी करतो.

हाडांच्या बाबतीत कॅल्शियमचं नेमकं असंच होतं. दूध, दही, नाचणी, तीळ, पालेभाजी यांतून कॅल्शियम पोटात जातं, पण आतड्यातून रक्तात उचललं जाण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागतं. ते पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी शेकडा ३० ते ४० भाग अंगी लागतो. ते नसेल तर शेकडा १० ते १५ भागच लागतो, बाकीचं आल्या वाटेनं निघून जातं. म्हणजे घरात दोन म्हशी असून आणि रोज पेलाभर दूध पिऊनही माणसाची हाडं उपाशी राहू शकतात.

आता उपाशी राहिल्यावर शरीर काय करतं ते पाहा. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीला ठेवणं शरीराला भागच असतं, कारण त्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल चालते. आतड्यातून आवक कमी झाली की गळ्यातील थायरॉईडच्या मागे असलेल्या चार बारीक ग्रंथी जादा रस सोडतात आणि हाडातलं कॅल्शियम बाहेर काढायला लावतात. घरात आवक थांबली की आपण सोसायटीतली ठेव मोडतो, तसंच हे. एखाद्या वर्षी ठेव मोडली तर निभतं. दरवर्षी मोडत गेलं तर पुस्तकात शिल्लक राहत नाही. मोठ्या माणसात अशा वेळी नवं हाड तयार होतं, पण त्यात चुना नीट भरत नाही आणि ते मऊ राहतं. वाढत्या मुलात हेच झालं की पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात. त्याला आपण मुडदूस म्हणतो. म्हातारपणी हाडं पोकळ आणि ठिसूळ होतात तो आजार वेगळा, पण 'ड' कमी असलं की त्यालाही जोर चढतो.

हे जीवनसत्त्व मुख्यतः आपल्या कातडीत तयार होतं. उन्हातील एका विशिष्ट अतिनील किरणाने कातडीखालच्या चरबीजातीच्या पदार्थापासून ते बनतं, मग यकृतात आणि पुढे मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन ते कामाला लागतं. खाण्यातून मिळणारा वाटा थोडा असतो. अंड्याच्या एका बलकात साधारण ४० एकक, बांगडा-तारली अशा तेलकट माशांत बरंच, मटणात फारसं नाही, आणि भाजी, भाकरी, आमटी यांत जवळजवळ नाहीच. साखरेत आणि गुळातही नाही, हे आपल्याच कारखान्याच्या पानावर लिहायला हरकत नसावी. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० एकक लागतं, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरवून दिलं. नुसत्या जेवणातून ते कुठून भरणार?

दुधाविषयी कोल्हापुरात गैरसमज होण्यास जागा आहे. आपला जिल्हा दुधाचा. शहरात कट्ट्यावर म्हैस पिळून समोर धारोष्ण दूध पिण्याची रीत आहे, आणि तालमीतला पैलवान तर दुधावरच पोसला जातो. कॅल्शियमसाठी दूध उत्तमच. २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळतं आणि दिवसाची गरज १००० मिलिग्रॅमची आहे. पण घरच्या म्हशीच्या दुधात 'ड' नगण्य असतं. पिशवीच्या दुधात ते वरून घालतात, तेही सगळ्याच नाही. पिशवीवर अधिक चिन्ह आणि इंग्रजी 'एफ' अक्षर असलेली निळी खूण असेल तर त्यात घातलेलं आहे असं समजावं. सरकारी मानकाप्रमाणे अशा लिटरभर दुधात २०० ते ३०० एकक असतं, म्हणजे एका पेल्यात ४० ते ६०. नसण्यापेक्षा बरं, पण गरजेच्या दहावा हिस्साच. पैलवानाची कसरत पहाटे आणि छपराखाली, आखाड्यात. तेव्हा बदाम-तूप-दूध भरपूर असूनही 'ड' कमी निघाल्यास आश्चर्य नको.

ऊन आणि हाडं यांचा संबंध पहिल्यांदा लक्षात आणून देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि ही हकिकत सभासदांना ठाऊक असावी असं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी मुडदूस कशाने होतो यावर जगभर वाद होता. काही म्हणत गरिबीने, काही म्हणत निकृष्ट अन्नाने. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक भागात पाहणी केली आणि ती १९२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांना उलटंच चित्र दिसलं. मुडदूस आढळला तो खाऊन-पिऊन सुखी घरांत, जिथं स्त्रिया पडद्यात राहत आणि तान्ही मुलं त्यांच्याबरोबर आतल्या खोल्यांत वाढत. दूधतूप खाणाऱ्या या घरांतल्या मुलांचे पाय वाकलेले होते. आणि ज्यांच्या ताटात भाकरीशिवाय फारसं काही नव्हतं, पण आई शेतावर मजुरीला जाताना जी मुलं बांधावर उन्हात खेळत होती, त्यांच्यात मुडदूस नव्हता. अशा बंद घरात वाढलेल्या मुलीचं माकडहाड आणि कमरेचा सांगाडा वाकडा झाला तर पुढे बाळंतपणात मूल अडायचं. त्या काळी त्यात किती जीव गेले असतील याची मोजदाद नाही. त्याच सुमारास युरोपात अतिनील दिव्याने मुडदूस बरा होतो हे १९१९ साली दिसून आलं होतं, आणि १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या तेलातला हा घटक वेगळा ओळखला. पुढे त्यालाच 'ड' हे नाव मिळालं.

पडदा गेला, वाडे पडले, तरी गोष्ट संपली नाही. पुण्यातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी झोपडवस्तीतील दोन-तीन वर्षांच्या मुलांची तपासणी केली. तिचा अहवाल २०१० साली आला. परिस्थिती सारखी, खाणंही सारखंच बेताचं. पण जी मुलं रोज उन्हात खेळत होती त्यांच्यापेक्षा घरात राहणाऱ्या मुलांत 'ड'ची कमतरता आणि मुडदूस जास्त आढळला. नाशिकची गोष्ट पुण्यात पुन्हा दिसली, फक्त वाड्याच्या जागी पत्र्याची खोली आली. याच संस्थेने पुढे लहान मुलांना कॅल्शियम घातलेले लाडू देऊन आणि जोडीला 'ड'चा डोस देऊन पाहिला. वर्षाखेर त्यांच्या हाडांतला खनिजाचा भरणा इतर मुलांपेक्षा जास्त वाढलेला होता. गोळी गिळायला न मिळणारं मूल लाडू मात्र मागून खातं!

मग आपल्या भागात उणीव कुणाला? शेतकरी तर दिवसभर रानात असतो, असं वाटेल. उघड्या अंगाने औतामागे चालणाऱ्या माणसाला ती बहुधा नसते. पण आता औत किती राहिले? ट्रॅक्टरवर छत आहे, जीपला काच आहे, आणि काचेतून हा किरण आत येत नाही. कारखान्यातला काट्यावरचा क्लार्क, रात्रपाळीचा कामगार, दुकानात बसणारा मुलगा, सकाळी सातला कॉलेजची एस.टी. पकडून संध्याकाळी परतणारी मुलगी, सगळे सावलीतलेच. आणि भांगलणीला जाणारी बाई? ती उन्हात असते खरी, पण उसाची पात कापते म्हणून साडीवर पूर्ण बाहीचा सदरा, डोक्याला पदर आणि वर टॉवेल. ऊस पुरुषभर झाला की आत सावलीच. उघडं राहतं ते तोंड आणि पंजे. त्यात आपली कातडी सावळी. सावळा रंग उन्हापासून संरक्षण देतो, पण त्याच कारणाने 'ड' तयार व्हायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. पुणे परिसरातील खेड्यांतील पुरुषांवरील अभ्यासात (२०१८) असं निघालं की नेहमीचे कपडे घालून रोज तासभराहून जास्त ऊन मिळालं तरच रक्तातली पातळी कामापुरती राहते. परदेशी पुस्तकांतील 'दहा मिनिटं पुरेत' हा हिशेब आपल्याला लागू पडत नाही.

ऊन कोणतं, हे नीट समजून घ्यावं, कारण यातच सर्वांत मोठा गोंधळ आहे. बाळंतिणीला आणि बाळाला कोवळ्या उन्हात बसवायची आपली पद्धत मायेची आहे, बाळाला ऊबही मिळते. पण कोवळ्या उन्हात तो किरण अगदीच थोडा असतो. सूर्य तिरका असताना किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि हा किरण वाटेतच गाळला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. उन्हात उभं राहून आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर 'ड' फारसं बनत नाही. आखूड असेल तर बनतं. कोल्हापूरच्या आकाशात एप्रिल महिन्यात साधारण साडेनऊपासून साडेतीनपर्यंत सावली आखूड असते. डिसेंबरात मात्र अकरा ते पावणेदोन एवढाच अवधी मिळतो. सकाळी सातला फिरून येणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींचं फिरणं हृदयाला चांगलं, हाडांवर भार पडतो तेही चांगलं; 'ड'साठी मात्र ते उपयोगाचं नाही. उन्हाळ्यात भर दुपारी बसून ऊन लागून घेण्याचा शहाणपणा कुणी करू नये. त्या दिवसांत साडेनऊ-दहाचं ऊन पुरतं. दंड आणि पिंढऱ्या उघड्या ठेवून, कातडी तांबूस व्हायच्या आत सावलीत यावं. ज्यांना उन्हाने पुरळ येतो किंवा कातडीचा आजार आहे त्यांनी या भानगडीत पडू नये. आणि पावसाळ्याचं काय? गगनबावडा-राधानगरीकडच्या सभासदांना जून ते सप्टेंबर सूर्य दिसतो किती? या महिन्यांत उन्हाळ्याच्या साठ्यावर निभावून न्यावं लागतं. 'ड' चरबीत साठतं ही त्यातल्या त्यात सोय.

तान्ह्या बाळाला दुपारच्या उन्हात धरायचं नाही. आईच्या दुधात 'ड' फार थोडं असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ जन्मापासून वर्षापर्यंत रोज ४०० एकक थेंबाने द्यायला सांगतात. अंगावरचं दूध चालू असतानाच हे थेंब द्यायचे आहेत. दूध तोडून नव्हे.

आता स्नायूंकडे येऊ, कारण हाडांचं लोक बोलतात आणि स्नायूंचं राहून जातं. 'ड' फार कमी झालं की सगळ्यात आधी अशक्त होतात ते खुब्याभोवतीचे आणि मांडीचे स्नायू. म्हणून माणसाला चालता येतं, पण भुईवरून उठता येत नाही. सपाटीवर ठीक, पण पायरी चढताना पाय उचलत नाही. काही जण बदकासारखे डुलत चालू लागतात. नडगीवर अंगठ्याने दाबलं तर हाड आतून दुखतं. घरातल्या सासूबाईंना, आजोबांना खुर्चीवर बसवून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच हात खुर्चीकडे जात असेल तर डॉक्टरांकडे नेण्यास ते कारण पुरेसं आहे. 'ड'च असेल असं नाही. थायरॉईड, मधुमेह, मणक्याची नस दबणं, अशी इतरही कारणं असतात.

हे एवढं सांगण्याचं कारण म्हणजे पडणं. रात्री लघवीला उठलेली आजी गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळते. पायात बळ असतं तर तिने तोल सावरला असता. हाड भरलेलं असतं तर पडूनही नुसता मुका मार लागला असता. दोन्ही नसल्याने खुबा मोडतो. खुब्याचं ऑपरेशन म्हणजे एका हंगामाचं उसाचं बिल, असं गावोगाव दिसतं. पैशाचं एक वेळ सोडा. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पुष्कळदा पहिल्यासारखं चालत नाही, आणि अंथरुणाला खिळलं की छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात. उंबऱ्याजवळ दिवा, न्हाणीत खडबडीत फरशी आणि धरायला कठडा, हे तर उद्याच करता येण्यासारखं आहे. रोज दहा-वीस वेळा खुर्चीवरून उठबस करणं हाही स्नायूंना खुराकच. नुसत्या गोळीने मांडी भरत नाही. तिला काम द्यावं लागतं.

गोळीचा विषय निघालाच आहे. ज्याला कमतरता आहे त्याला 'ड' दिल्याने दुखणं आणि अशक्तपणा हटतो, काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. पण ज्याला मुळात पुरेसं आहे त्याने जादा घेऊन जादा ताकद येत नाही. रान नत्राने भरलेलं असताना आणखी युरिया टाकला तर साखर उतारा वाढतो का? तसंच. अमेरिकेत २५,८७१ माणसांवर मोठा प्रयोग झाला, रोज २००० एकक देऊन. कमतरता पाहून माणसं निवडलेली नव्हती. २०२२ साली निकाल आला की त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. म्हणून अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या डॉक्टरांच्या संस्थेने २०२४ साली सांगितलं की निरोगी प्रौढांनी उगाच रक्त तपासत बसू नये. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि पंचाहत्तरीच्या पुढची माणसं यांना मात्र जादा 'ड' द्यावं. आपल्याकडे लक्षणं असलेल्यांना डॉक्टर तपासणी सांगतात, ती करावी. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर हाडांपुरतं बहुतेकांना पुरेसं धरतात. १२ च्या खाली असेल तर उपचार टाळू नयेत.

आणि एक धोक्याची गोष्ट. "एक सुई मारा, वर्षभर बघायला नको" अशी मागणी आपले लोकच दवाखान्यात करतात. सहा लाख एककांची सुई मिळतेही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २२५६ स्त्रियांवर प्रयोग झाला. निम्म्यांना वर्षातून एकदाच पाच लाख एकक दिलं. २०१० च्या अहवालात दिसलं की डोस घेतलेल्या बायका कमी पडण्याऐवजी जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. जे जीवनसत्त्व रोज थोडं थोडं मिळायला हवं ते एकदम ओतून चालत नाही. ठिबकाचं पाणी आणि पाट फोडून सोडलेलं पाणी यांतला फरक सभासदांना वेगळा सांगायला नको. अति झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, तहान लागते, मळमळ-उलट्या होतात, मूतखडा होतो, मूत्रपिंडही बिघडतं. प्रौढाने स्वतःच्या मनाने रोज ४००० एककांच्या पुढे जाऊ नये. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

सर्वसाधारणपणे डॉक्टर ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे देतात आणि नंतर महिन्याला एक. चूक होते ती इथं. आठवड्याची पुडी कुणी रोज घेतं, कुणी आठ आठवडे झाल्यावरही दुकानातून आणून तशीच चालू ठेवतं, कुणी शेजारणीची चिठ्ठी वापरतं. पुडी दुधाबरोबर किंवा जेवण झाल्यावर घ्यावी, कारण 'ड' स्निग्धात विरघळतं आणि उपाशी पोटी नीट लागत नाही. त्या काळात जेवणात कॅल्शियम हवंच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी किंवा आंबील, जोडीला दही-ताक, चटणीत तीळ. कोणत्या तारखेला कितवी पुडी घेतली ते कॅलेंडरवर लिहून ठेवावं आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना जुना कागद बरोबर न्यावा.